ॲम्ब्युलन्स उभी आहे, पण बाहेर जायची वाट कुठे?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं जत्रा, स्पर्धा, मिरवणुका यांच्याविषयीची होती, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि हाच विषय धरते. मी 30 वर्षं सरकारी हॉस्पिटलांत नर्स होते, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत गेली, आता गावोगावी फर्स्ट एड शिकवायला जाते, तेव्हा जे सांगतेय ते डोळ्यांनी बघितलेलं आणि हातांनी केलेलं आहे.

प्रश्न : सिस्टर, आमच्या देवीची जत्रा रात्रभर चालते, पाच-सहा हजार माणूस होतो, रात्री नाटक असतं. यंदा परवानगीच्या अर्जासोबत मेडिकलची काय सोय केली ते लिहून मागितलंय. आम्ही दरवर्षी 108 ला सांगतो आणि एक गाडी कमानीजवळ उभी करतो. तेवढं पुरे ना?
— देवस्थान कमिटीचे सेक्रेटरी, डिचोली तालुका

उत्तर : भाऊ, स्पष्टच सांगते, पुरे नाही. तुमची चूक काढत नाही, बहुतेक कमिट्या एवढंच करतात, आणि ज्या वर्षी काही होत नाही त्या वर्षी तेवढ्यावर निभावतंही.

काही वर्षांपूर्वीची एक जत्रा सांगते, गावाचं नाव नको. ॲम्ब्युलन्स संध्याकाळी पाचपासून कमानीला लागून उभी होती, सगळ्यांना दिसेल अशी. नऊ वाजेपर्यंत तिच्या पुढ्यात खाज्याचं दुकान आलं, बाजूला भजीवाल्याची शेगडी, मागे बांगड्यांचं टेबल, आणि फुगेवाल्याने आपली दोरी तर गाडीच्याच आरशाला बांधलेली. साडेअकराच्या सुमाराला नाटकाच्या पुढच्या रांगेतल्या एका आजोबांच्या छातीत दुखायला लागलं, घामाने सदरा भिजून अंगाला चिकटला. स्ट्रेचर आणलं तर खुर्च्यांच्या रांगांतून ते जाईना, मग चार पोरांनी त्यांना बसलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं आणि माणसं बाजूला सारत सारत निघाले, मध्येच खुर्चीचा एक पाय वाकला, पुन्हा खाली ठेवून दुसरी खुर्ची. गाडीत घातलं तरी गाडी हलायला वाट नाही! भजीवाला बिचारा उकळत्या तेलाची कढई फडक्याने धरून गर्दीत मागे सरकत होता आणि त्याच्या पायाशी लहान मुलं. आजोबा वाचले, पण ती कढई मला अजून दिसते, एका पेशंटचे त्या रात्री पाच पेशंट झाले असते.

म्हणून मी कुठल्याही कमिटीला आधी विचारते ते हे की गाडी बाहेर कुठून जाणार. दुकानांच्या जागांची पावणी, म्हणजे लिलाव, करता ना, त्याच्या आधी ॲम्ब्युलन्सची वाट चुन्याने आखून घ्या, थेट मुख्य रस्त्यापर्यंत, आणि तेवढी जागा पावणीत घालूच नका, कितीही पैसे येत असले तरी. गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी करा. ड्रायव्हर चावीसकट गाडीजवळ पाहिजे, त्याला जेवण तिथेच नेऊन द्या. आणि रात्री दहा वाजता कमिटीतल्या एकाने ती वाट स्वतः पायी चालून यायची, कारण संध्याकाळी मोकळी असलेली वाट दहाला मोकळी असेलच असं नाही, स्कूटर लावणारे तर हमखास तिथेच लावतात.

आता 108 चं. ही सेवा आपल्या गोव्यात 2008 पासून आहे आणि तिने किती जीव वाचवलेत ते मी कॅज्युअल्टीच्या दारात उभी राहून बघितलंय. पण ती गाडी सगळ्या भागासाठी असते. तुमच्या जत्रेच्या रात्रीच दुसऱ्या गावात एखादी बाळंतीण अडली तर गाडी तिकडे जाणार, जायलाच हवी. आणि समजा तुमचाच पहिला पेशंट घेऊन ती बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला, म्हणजे गोमेकॉला, गेली तर परत येईपर्यंत दोन-अडीच तास तुमच्याकडे काय आहे? म्हणून जत्रेपुरती एक वेगळी गाडी ठरवा, पैसे मोजून किंवा एखाद्या संस्थेची, आणि ती पेशंट घेऊन गेली की तिच्या जागी कोण येणार ते लिहून ठेवा. तुमच्या आरोग्य केंद्राच्या हेल्थ ऑफिसरना तीन आठवडे आधी पत्र द्या, आदल्या दिवशी फोन करून काही होत नाही, त्यांनाही माणसांच्या ड्युट्या लावायच्या असतात. त्याच पत्राची प्रत पोलिसांना आणि अग्निशमन दलाला.

किती माणसांमागे किती डॉक्टर असं बरेच जण विचारतात. नुसत्या डोक्यांवरून ते ठरत नाही हो. दोन हजार म्हातारी माणसं उन्हात चार तास बसणार असतील तर पाच हजारांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमापेक्षा जास्त तयारी लागते. दारू असणार का, आग किंवा फटाके आहेत का, जागा उताराची आहे का, रात्र किती वाजेपर्यंत चालणार, जवळचं हॉस्पिटल किती लांब, आणि गेल्या वर्षी किती जणांना काय काय झालं, हे सगळं समोर ठेवून ठरवायचं. म्हापशाला लागून असलेल्या गावाची गोष्ट वेगळी आणि सत्तरी तालुक्याच्या टोकाला असलेल्या गावाची वेगळी, तिथल्या वाळपईहून बांबोळीला जायला सहज तासभर जातो, त्यामुळे तिथे डॉक्टर जागेवरच हवा.

फर्स्ट एडचं टेबल कुठे लावायचं तेही सांगते, कारण ते नेहमी स्टेजच्या मागे लावतात. तिथे स्पीकर असतात. स्टेथोस्कोप कानाला लावला की पेशंटच्या छातीतलं काही ऐकूच येत नाही, बीपी बघणं पण मुश्कील. आवाजापासून लांब, उजेड, नळ, सपाट जमीन, बाईमाणसाला आडोसा करायला एक पडदा, आणि लांबून दिसेल असा उंच बोर्ड. बास.

आणि दोन गोष्टी ज्या कुणी करत नाही. एक, लाईटच्या खांबांवर मोठे आकडे लिहा. माणूस पडला की फोन करणारा सांगतो, "देवळाकडे या, लवकर या", आता देवळाकडे म्हणजे कुठे? "खांब सात" म्हटलं की पोरगं बॅग घेऊन थेट पोचतं. गर्दीत मोबाईलचं नेटवर्क मरतं, म्हणून तीन-चार वॉकीटॉकी भाड्याने घ्या. दुसरी, नाटक थांबवायचं तर ते कोण सांगणार हे आधी ठरवा. एकाच माणसाचं नाव, आणि माईकवाल्याला ते माहीत हवं. ऐन वेळेवर देवस्थानचे दहा महाजन दहा बाजूंनी ओरडतात आणि माईक चालूच राहतो.

प्रश्न : शिरगावला जे झालं त्यानंतर आमच्या घरची माणसं जत्रेला यायला घाबरतात. चेंगराचेंगरी होणार हे आधी कळतं का? आम्ही व्हॉलंटियर मुलांनी काय बघायचं?
— एक तरुण, पेडणे

उत्तर : 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत जी चेंगराचेंगरी झाली तिने सगळा गोवा हादरला, घरच्यांची भीती साहजिक आहे. त्या रात्रीविषयी मी इथे जास्त लिहीत नाही, ज्यांची माणसं गेली ती आपल्या शेजारपाजारचीच आहेत.

कळतं, बाळा. चेंगराचेंगरीत माणूस पायाखाली तुडवून मरतो असं आपल्याला वाटतं, पण जास्त करून तो उभ्याउभ्याच गुदमरतो. छाती चारी बाजूंनी इतकी दाबली जाते की श्वास आत घ्यायला फासळ्या हलतच नाहीत. एक मीटर लांब एक मीटर रुंद चौकोनात चार माणसं असली तर चालता येतं, पाचच्या वर गेली की धोका सुरू होतो, सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या पायांवर राहत नाही, गर्दी पाण्यासारखी हलते आणि तो तिच्याबरोबर वाहतो. घरी अंगणात रांगोळीने तसा चौकोन काढ आणि भावंडांना त्यात उभं कर, एकदा बघितलंस की नजर बसते. मग जत्रेत कुठेतरी उंचावर, घराच्या गच्चीवर किंवा मचाणावर, दोन मुलं फक्त हेच बघायला ठेवा, त्यांनी दुसरं काही करायचं नाही. लोकांना हात वर काढता येत नाहीयेत, डोकी एकदम एका बाजूला झुकून परत येतायत, बायका मुलांना डोक्यावर उचलून धरतायत, असं काही दिसलं की लगेच मागून येणारी माणसं अडवायची. पुढच्यांना "मागे सरा" ओरडून उपयोग नसतो, त्यांना हलताच येत नाही. जोर मागून येतो, तो मागेच थांबवायला लागतो.

उतार, पायऱ्या, अरुंद गल्ली आणि येणारे-जाणारे समोरासमोर, ही ठिकाणं आधीच हेरून ठेव. यायची वाट वेगळी, जायची वेगळी. लाईट जायला नको म्हणून जनरेटर, अंधारात एक जण घसरला की वरचे सगळे येतात.

आणि बाहेर काढलेला माणूस हाक मारून हलत नसेल, श्वास घेत नसेल किंवा नुसता आचके देत असेल, तर तिथल्या तिथे छाती दाबायला लागायचं, गाडीची वाट बघायची नाही. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक, कोपर ताठ, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल. ज्याला शिकवलंय त्याने 30 दाबांमागे दोन श्वास द्यायचे, गुदमरलेल्या माणसाला त्याचा फायदा जास्त, पण ज्याला येत नाही त्याने नुसती छाती दाबत राहावं, काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. दोन मिनिटांनी माणूस बदला, हात दमतात आणि दमलेला माणूस वरवर दाबतो, त्याला स्वतःला कळत पण नाही.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाची फुगडी स्पर्धा आहे, फर्स्ट एडच्या पेटीत काय काय ठेवू? मागच्या वेळी डोकेदुखीच्या गोळ्या संपल्या म्हणून बायका रागावल्या.
— मंडळाच्या अध्यक्षा, फोंडा

उत्तर : ताई, गोळ्याच नका ठेवू. कुणाला कशाची ॲलर्जी, कुणाला बीपी, कुणाला ॲसिडिटी, तुम्हाला काय माहीत, आणि दिलेली गोळी बाधली तर नाव मंडळाचं येणार. ज्याला गोळी हवी त्याने स्वतःची आणावी.

पेटीत हातमोजे भरपूर, निर्जंतुक गॉज, वेगवेगळ्या रुंदीची बँडेजं, चिकटपट्टी, तिकोनी बँडेज चार तरी (हात गळ्यात बांधायला, आणि फुगडीत मनगटावर पडणाऱ्या बायका जास्त), बोथट टोकाची कात्री, टॉर्च, बीपीचं मशीन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, दोन चादरी, ओआरएसची पाकिटं आणि साखर. साखर विसरू नका. डायबेटिसवाल्या बायका उपास धरून इन्सुलिन किंवा गोळी घेऊन येतात आणि दुपारी थरथरायला लागतात, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, 10-15 मिनिटांत फरक दिसतो. बेशुद्ध असेल तर तोंडात काही नाही, पाणी पण नाही.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, अर्ध्या ग्लासात अख्खं ओतून देऊ नका, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता पाकिटासोबत एक लिटरची बाटलीच बांधून ठेवायला सांगते. आणि वही. कोण, किती वाजता, काय झालं, काय केलं, कुठे पाठवलं. वही नसेल तर पेटी अर्धीच आहे असं मी समजते.

प्रश्न : आम्ही क्लबतर्फे एप्रिलमध्ये 10 किलोमीटरची धावस्पर्धा ठेवतोय, मडगावात. पाण्याचे स्टॉल ठेवलेत. गोव्यात काही नागपूरसारखं 45 डिग्री नसतं, तरी उन्हाची भीती बाळगायची का?
— क्रीडा क्लबचा सदस्य, मडगाव

उत्तर : बाळगायची, आणि नीट बाळगायची. आपल्याकडे पारा 34 असतो पण हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं. धावणाऱ्याचं शरीर आतून तापत असतं, त्याला 45 डिग्रीची गरजच नाही. त्यात ही मुलं जोमात असतात, शेवटच्या किलोमीटरला थांबत नाहीत, आणि पडतात ती बहुतेक तिथेच. म्हणून शर्यत पहाटे साडेपाचला सोडा आणि तुमचा सगळ्यात तरबेज माणूस फिनिशच्या आसपास ठेवा.

ओळखायचं कसं तर बोलण्यावरून. नुसता दमलेला मुलगा दमलेला असतो पण शुद्धीत बोलतो, पाय उंचावर ठेवून सावलीत झोपवला, पाणी दिलं की सावरतो. ज्याला ऊन लागलंय तो बडबडतो, विचारलेल्याला भलतंच उत्तर देतो, तोल जातो, चिडतो, अंग तापलेलं, आतलं तापमान 40 च्या वर. घाम येत असला तरी हे होऊ शकतं, "घाम येतोय म्हणजे ठीक आहे" हे डोक्यातून काढा. तिथे एकच नियम आहे, आधी थंड करा मग हॉस्पिटलला पाठवा. गाडीत घालून तापलेल्या अंगाने मडगावच्या ट्रॅफिकमधून नेलं तर त्या 20 मिनिटांत मेंदू, किडनी, लिव्हर सगळं बिघडत जातं.

थंड कशाने? आपल्याकडे त्याचं उत्तर सोपं आहे, मासळी आहे तिथे बर्फ आहे. आदल्या दिवशी बर्फाच्या फॅक्टरीत सांगून ठेवा, पहाटे लाद्या फोडून घ्या, मुलांच्या अंघोळीचा मोठा टब किंवा ताडपत्रीचा खोलगट करून त्यात बर्फाचं पाणी, माणसाला मानेपर्यंत बुडवा, डोकं एकाने धरून ठेवायचं. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी अंगभर, दर दोन-तीन मिनिटांनी बदलायच्या, वर टेबलफॅन. एकीकडे 108 ला फोन झालेला असायलाच हवा. क्रोसिन देऊन हा ताप उतरत नाही.

पाण्याच्या स्टॉलवर "पी, अजून पी" असा आग्रह मात्र करू नका. हळू धावणारे लोक प्रत्येक स्टॉलला ग्लासच्या ग्लास पितात आणि रक्तातलं सोडियम उतरतं, त्यात फिटसुद्धा येते. तहान लागेल तेवढं प्यावं.

क्लबकडे पैसे असतील तर एईडी भाड्याने आणा, हृदयाला झटका देणारं मशीन. हृदयाची लय बिघडून बंद पडलेल्या माणसाला एक एक मिनिट उशीर झाला की वाचायची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. मशीन स्वतः बोलून सांगतं काय करायचं ते. सायकलवर एक मुलगा ते पाठीला लावून मार्गावर फिरत राहिला तर टेबलावर ठेवलेल्या मशीनपेक्षा चौपट उपयोग.

प्रश्न : आमच्या वाड्यावरची मुलं दिवाळीला नरकासुराचा पुतळा करतात, आत गवत आणि फटाके भरतात, पहाटे जाळतात. गेल्या वर्षी एकाचा हात भाजला तर मोठ्यांनी टूथपेस्ट लावली. ते बरोबर होतं का?
— एक आई, पणजी

उत्तर : नाही बाय. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बर्फ, काहीच नको. वाहत्या नळाखाली 20 मिनिटं धरायचं, घड्याळ लावून, कारण रडणाऱ्या पोराबरोबर दोन मिनिटं वीस वाटतात. अंगठी, घड्याळ, हातातला दोरा सूज यायच्या आत काढायचा. कातडीला चिकटलेलं कापड ओढायचं नाही. मग स्वच्छ कापड किंवा स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा रॅप सैल ठेवायचा आणि डॉक्टरकडे. हातावर, तोंडावर किंवा सांध्यावर भाजलं असेल, किंवा स्वतःच्या तळव्यापेक्षा मोठं असेल, तर थेट हॉस्पिटल.

टूथपेस्ट लावली की आम्हाला ती आधी खरवडून काढायला लागते, त्याशिवाय जखम किती खोल ते दिसत नाही. ते पोर तेव्हा जे ओरडतं ना, भाजताना सुद्धा तेवढं ओरडलेलं नसतं.

डोळ्यात फटाक्याचं काही गेलं तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, वर कागदी कप उपडा धरून पट्टीने चिकटवायचा आणि गोमेकॉ. मुलांना अंगात सुती कपडे घालायला लावा. दोन बादल्या वाळू, दोन ड्रम पाणी आणि नळाला लावलेला पाईप, एवढं केल्याशिवाय काडी लावायची नाही असं मुलांकडून आधी कबूल करून घ्या.

प्रश्न : फिट आलेल्याच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावतात, लावावी का? — वास्को

उत्तर : नको. दातांत चमचा, किल्ली पण नको. डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूच्या खुर्च्या लांब, घड्याळ बघा, थांबली की कुशीवर वळवा. पाच मिनिटांच्या वर चालली, पहिल्यांदाच आली असेल किंवा पाठोपाठ दुसरी आली तर 108.

प्रश्न : सिस्टर, आम्ही मदत करू पण पोलिसांच्या जबाबांच्या फेऱ्या नकोत. कायदा काय म्हणतो?
— मिरवणुकीतला व्हॉलंटियर, काणकोण

उत्तर : रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 134अ हे कलम आलं, चांगल्या मनाने केलेल्या मदतीत पेशंटला काही झालं तरी मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही, आणि नाव-पत्ता द्यायची सक्तीही करता येत नाही. ते कलम वाहनांच्या अपघातापुरतं आहे, जत्रेत पडलेल्या माणसाला लावता येत नाही. पण तुम्हा मुलांना मी वेगळं सांगेन, कमिटीने नेमल्याचं पत्र प्रत्येक व्हॉलंटियरला द्या, शिकवलं असेल तेवढंच करा आणि वहीत लिहा. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेड क्रॉसवाले शिकवतात, कोर्स करून घ्या. माझ्या 30 वर्षांत छाती दाबली म्हणून कुणाला पोलिसांनी त्रास दिलेला मी एकदाही बघितला नाही, आणि कुणीच हात लावला नाही म्हणून गेलेली माणसं मात्र स्ट्रेचरवरून उतरवून घेतलीत.

काणकोणला मी पुढच्या महिन्यात येतेच आहे, 20-25 मुलं जमवलीत तर छाती दाबायच्या सरावाचा पुतळा घेऊन येते, दोन तास द्या, प्रत्येकाने स्वतः गुडघ्यांवर बसून दाबून बघायचं.